मोंबासाच्या नांगरावरून

मोंबासाबाहेर, नांगरावर
२४ मार्च २०२४, होळी पौर्णिमा

प्रिय दिनू,

इस्तंबूलहून तुला फोन केला आणि बोलता बोलता युद्धाच्या पाण्यातून जायच्या संमतीवर केलेल्या सहीचं सांगून बसलो, ती माझी चूक. मग सुएझला तुझा मेसेज आला. "सही केलीस आणि स्वातीला सांगितलंही नाहीस. शहाणा आहेस." बस. पुढे शिवी नाही की काही नाही. तू शिव्या देत नाहीस तेव्हा खरा रागावलेला असतोस, हे मला चौथीपासून ठाऊक आहे.

फोनवर दोन शब्दांत उरकण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून गप्प बसलो. आता बोट नांगरावर आहे, धक्का मिळायला अजून चार-पाच दिवस जातील. थर्ड इंजिनिअर साइन ऑफ होऊन मुंबईला निघतोय, त्याच्या बॅगेत हे पत्र घालतोय. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे, पण मग त्यांना वरण-भात करताना ऐकव, एकदम समोर बसवून नको.

आज गावात होम पेटला असेल. इथे पौर्णिमेचा चंद्र हॅच कव्हरवर असा पडलाय की लोखंडावर कुणी पीठ चाळावं. बरोबर दोन आठवड्यांपूर्वी आम्ही तांबड्या समुद्राच्या तोंडाची बाब-अल-मंदेब सामुद्रधुनी ओलांडली ती अमावास्येची रात्र होती. त्या वेळी अंधार हवा होता आणि मिळाला.

आधी सहीचं. इंग्रजी मजकुराचा एक कागद होता. जहाज दक्षिण तांबड्या समुद्रातून आणि एडनच्या आखातातून जाणार आहे, तो भाग युद्धसदृश धरला आहे हे मला माहीत आहे. मला नकार देण्याचा हक्क आहे, नकार दिला तर कंपनी स्वखर्चाने घरी पोचवेल. गेलो तर तेवढ्या दिवसांचा बेसिक पगार दुप्पट, आणि मेलो किंवा अपंग झालो तर भरपाईही दुप्पट. खाली 'स्वखुशीने' आणि सही. मेसच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी कागद ठेवला होता. कॅप्टनने पहिली सही केली. तो ओडेसाचा, त्याच्या घरावरून रोज क्षेपणास्त्रं जातात, त्यामुळे त्याने फार विचार केल्यासारखं दिसलं नाही. दुसरी माझी. चीफ ऑफिसर म्हणून माझी दुसरी असणारच.

आमचा डेक कॅडेट कोरेगावकडचा आहे, एकोणीस वर्षांचा. पहिलीच बोट. तो कागदाकडे बघत नव्हता, माझ्या हाताकडे बघत होता. मी पेन खाली ठेवलं आणि त्याने ते लगेच उचललं. दिनू, तू पैशांवरून बोलशील म्हणून आधीच सांगतो, पैसे होतेच. आईच्या घराच्या छपराचं काम अडलंय, तुला माहीत आहे. पण रात्री वॉचवर मला टोचतं ते छप्पर नाही. मी नको म्हटलं असतं तर त्या पोरालाही नको म्हणता आलं असतं का, हे टोचतं.

आता तुझं दुसरं म्हणणं. फोनवर आधी तूच म्हणालास, "अरे, चाळीसेक देशांची नौदलं तिथे उभी आहेत म्हणे, तुला कसली भीती?" पेपरात नकाशा छापतात, त्यावर बोटीबोटींची चित्रं, बाण, झेंडे. मला वाटतं तुझ्या डोळ्यापुढे गणपतीच्या मिरवणुकीसारखं काहीतरी असेल, मध्ये आमची बोट आणि दोन्ही बाजूंनी बंदोबस्त. तसं नसतं रे.

बहारीनमध्ये संयुक्त सागरी दलाचं मुख्यालय आहे, त्यात ते चाळीसहून जास्त देश. एडनच्या आखातातल्या चाच्यांसाठी त्यांचं एक पथक २००९ पासून आहे, त्याचं प्रमुखपद देशादेशांत फिरतं. युरोपवाल्यांची 'अटलांटा' मोहीम त्याच्याही आधीची, डिसेंबर २००८ पासूनची. येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर गेल्या १८ डिसेंबरला अमेरिकेने 'प्रॉस्पेरिटी गार्डियन' जाहीर केली. वीसएक देशांची नावं, त्यातल्या काहींनी सांगितलं की आम्ही आहोत पण आमचं नाव घेऊ नका. लग्नात आहेर द्यायचा आणि पाकिटावर नाव घालायचं नाही, त्यातला प्रकार. सुरुवातीला नॉर्वेने दहा अधिकारी पाठवले, नेदरलँड्सने दोन. बोट नाही, माणसं. अरब देशांतून उघडपणे एकटं बहारीन. मग गेल्या १९ फेब्रुवारीला युरोपने स्वतःची वेगळी 'अस्पिडीस' काढली, ग्रीकमध्ये ढाली असा अर्थ. ती फक्त बचाव करणार, येमेनच्या किनाऱ्यावर मारा करणार नाही. नव्या ढालींचं बघ, आठवडाभरातच एका जर्मन युद्धनौकेने दोन क्षेपणास्त्रं सोडली ती अमेरिकन ड्रोनवर, म्हणजे मित्राच्याच. नशीब, दोन्हींचा नेम चुकला.

आपलं नौदल यातल्या तांबड्या समुद्रातल्या कुठल्याच मोहिमेत नाही, पण अरबी समुद्रात आणि आखातात आपल्या दहाहून जास्त बोटी स्वतंत्र फिरताहेत. चिनी त्यांच्या परीने फिरतात. आणि गंमत म्हणजे हे सगळे, एकमेकांकडे एरवी बघणारही नाहीत असे, चाच्यांच्या निमित्ताने २००८ पासून बहारीनला एका टेबलाशी बसत आलेत.

आमच्यासाठी यातलं काय उरतं? एक ईमेलचा पत्ता, एक फोन नंबर आणि व्हीएचएफ रेडिओचा सोळा नंबरचा चॅनेल. त्या भागात शिरलो की ब्रिटिशांच्या यूकेएमटीओला, म्हणजे व्यापारी जहाजांची खबर ठेवणाऱ्या केंद्राला, कळवायचं, युरोपच्या केंद्राकडे नोंद करायची, मग रोज आपली जागा, वेग, दिशा कळवत राहायची. कंपनीने एका मोहिमेकडे सोबतीला युद्धनौका मागितली होती. विनंती नोंदवली आहे, असं उत्तर आलं. पुढे आम्ही बाहेर पडलो तरी ती नोंदवलेलीच होती.

६ मार्चला आम्ही सुएझच्या खाली आलो होतो. पंचेचाळीस हजार टन गहू, कॉन्स्टँट्साहून मोंबासाला. दुपारनंतर यूकेएमटीओचा इशारा आला, एडनच्या नैर्ऋत्येला पन्नासेक मैलांवर एक बल्क कॅरिअर पेटलंय. 'ट्रू कॉन्फिडन्स'. आमच्यासारखंच जहाज, आमच्यासारखीच माणसं. तीन गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. हुथींच्या हल्ल्यात खलाशी मरण्याची ही पहिलीच वेळ. उरलेल्या एकवीस जणांना आपल्या 'आयएनएस कोलकाता'ने लाइफराफ्टमधून उचलून जिबूतीला पोचवलं. त्या एकवीसात भारतीय एक होता.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिनो आहे, इलोइलोचा. बातमी वाचून तो डेकवर गेला आणि अख्खी दुपार काटेरी तारेची वेटोळी परत परत घट्ट करत बसला. ती आधीच घट्ट होती. मी त्याला थांबवलं नाही.

तयारीतली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, वर्गात सांगशील. चाचे चढले तर लपायची जागा खाली, इंजिनरूममध्ये, पोलादी दारामागे. क्षेपणास्त्र किंवा ड्रोन आला तर खाली जायचंच नाही, कारण मारा पाण्याच्या पातळीशी झाला तर खालचे बुडतात. मग जमायचं वर, अकोमोडेशनच्या मधल्या जिन्यात, बाहेरच्या भिंतींपासून लांब. दोन धोके, दोन जागा, दोन वेगळ्या घंटा. ड्रिल घेतली. आमचा गोव्याचा कुक शेवटच्या पायरीवर उभा राहून शांतपणे म्हणाला, "चीफ साब, दोनीय एकदम आयले जाल्यार?" कुणीच उत्तर दिलं नाही. कॅप्टनने भाषांतर विचारलं, ते ऐकून तो इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं. सुएझनंतर चढलेले चार बंदूकवाले गार्डही हसले. चाच्यांसमोर त्यांचा उपयोग आहे. क्षेपणास्त्राला बंदूक दाखवून काय करणार?

आणि बुजगावणं. मागच्या डेकवर पहारेकरी उभे आहेत असं लांबून वाटावं म्हणून बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून माणसं करतात. कॅडेटने तीन केली. दोन जेमतेम. तिसऱ्यावर मात्र जीव लावला, पोटाला जुनी उशी, डोक्याला हेल्मेट, हातमोज्यांत वाळू, आणि रेलिंगवर असा टेकवला की संध्याकाळी मी स्वतः फसलो, त्याला ओरडलो की हेल्मेटचा पट्टा लाव. कुकने त्याचं नाव ठेवलं 'पात्राव', म्हणजे मालक.

९ मार्चला पहाटे पुढे धुमश्चक्री झाली, अमेरिकन आणि त्यांच्या सोबतच्या बोटींनी किमान २८ ड्रोन पाडले. आम्ही दीडेक दिवस मागे होतो. कॅप्टनने चार्टवर पेन्सिलने बारीक फुली मारली आणि वेग तेवढाच ठेवायला सांगितला. सामुद्रधुनी रात्रीच्या पोटात यावी असा हिशेब.

हनीश बेटांच्या अलीकडे एआयएस, म्हणजे आपली जागा सगळ्यांना सांगणारं यंत्र, बंद केलं, दिवे घालवले, खिडक्यांना काळे कागद. बाब-अल-मंदेब, अश्रूंचं दार. रुंदी एकोणतीस किलोमीटर, मध्ये पेरिम बेट. आपल्या हर्णेच्या बंदरातून रात्री मासेमारीला निघालेल्या होड्या असतात ना, तशा तिथेही होड्या होत्या, काही दिव्यांसह, काही बिनदिव्याच्या. रडारवर सगळे ठिपके सारखेच. कोण मासे धरतोय आणि कोण आपल्याला मोजतोय, ते ठिपका सांगत नाही. मी बारा ते चारचा वॉच सेकंड मेटबरोबर जागून काढला. चहा तिथेच गार झाला, कपावर साय धरली. ती साय मला अजून दिसते, बाकी भीती कशी होती ते आठवत नाही.

दोनच्या सुमाराला सोळा नंबरवर बाईचा आवाज आला. स्वतःला युतीची युद्धनौका म्हणाली, देश सांगितला नाही, बोलण्याचा हेल इटालियन वाटला. कुठून निघालात, कुठे चाललात, माल काय, माणसं किती, गार्ड आहेत का. बँकेत खातं उघडताना विचारतात तसं. मी उत्तरं दिली. रडारवर ती कुठे होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, असेल वीस मैलांवर, असेल चाळीस. शेवटी म्हणाली, आम्ही सोळावर ऐकतो आहोत. कॅप्टन अंधारातून म्हणाला, "ऐकताहेत." त्यानंतर त्याने सिगरेट पेटवायला आत जायची परवानगी स्वतःलाच दिली.

दिनू, तुझ्या चाळीस देशांचं एवढं माझ्या वाट्याला आलं. कुणीतरी ऐकतंय. बोट बुडाली तर ती कुठे बुडाली हे कुणाला तरी माहीत असेल. मला ते थोडं वाटलं नाही, पण तू समजतोस तेवढंही ते नाही.

आखातात शिरल्यावर वेगळा कारभार. २००९ पासून तिथे जहाजांसाठी आखून दिलेला रस्ता आहे, ४९० सागरी मैल लांब. जायची आणि यायची लेन प्रत्येकी पाच मैल, मध्ये दोन मैल मोकळे. आमच्या वेगाने दीड दिवसाहून थोडं जास्त. तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीचा आवाज आला, "धिस इज इंडियन नेव्हल वॉरशिप." बाकी प्रश्न तेच, पण एक जास्तीचा: तुमच्या बोटीवर भारतीय किती? मी म्हटलं, नऊ. त्याने आकडा परत म्हणून दाखवला, "नाइन." छाती भरून आली, खोटं नाही सांगत. कॅडेट तर अटेन्शनमध्येच उभा राहिला.

बोसन स्टिअरिंगजवळ होता. फार साधेपणाने म्हणाला, "चीफ, आमचे किती, हे कुणी विचारणार नाही ना?"

काय सांगणार? मालक ग्रीक, झेंडा लायबेरियाचा, गहू रोमानियाचा, खाणारे केनियातले. लायबेरियाची युद्धनौका या पाण्यात कुणी पाहिलेली नाही. मी त्याला 'कोलकाता'चं सांगितलं, एकवीसात एकच भारतीय होता तरी सगळ्यांना काढलं. तो म्हणाला, हो, वाचलं मी. आणि परत पुढे बघायला लागला. मी खरं तेच सांगितलं होतं, तरी आपण काहीतरी टाळलं असं वाटत राहिलं.

त्याच दिवशी, १२ तारखेला, 'एमव्ही अब्दुल्लाह' धरलं गेलं. बांगलादेशी बल्क कॅरिअर, मापुटोहून कोळसा घेऊन निघालेलं, मोगादिशूच्या पूर्वेला सहाशे मैलांवर. तेवीस माणसं. आम्हाला पुढे त्याच बाजूने खाली उतरायचं होतं. युरोपची युद्धनौका मागे गेली, आपलीही गेली, लांबून नजर ठेवली. जवळ जाता येत नाही, आत माणसं आहेत. ती तेवीस माणसं आजही सोमालियाच्या किनाऱ्याला अडकून आहेत. मी हे लिहितोय तेव्हा त्यांच्याकडेही हाच चंद्र असेल. नकाशावरच्या बाणांनी भुलू नकोस म्हणतो ते यासाठी.

आणि लगेच १६ तारखेला उलट घडलं, म्हणून तुला सरळ उत्तरही देता येत नाही. डिसेंबरात पळवलेलं 'रुएन' तेच चाचे वापरत होते, ते 'कोलकाता'ने अडवलं. चाळीस तास. आपल्या विमानातून मार्कोस कमांडो होड्यांसकट समुद्रात उतरवले. पस्तीस चाचे शरण आले, सतरा खलाशी सुटले, एकालाही ओरखडा नाही. त्या सतरात भारतीय एकही नव्हता. काल त्या पस्तिसांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. बोसनला मी ही बातमी मुद्दाम नेऊन दाखवली. त्याने मान डोलावली आणि विचारलं, अब्दुल्लाहचं काय?

तू इतिहासाचा मास्तर, तुला एक जुनी गोष्ट आठवण करून देतो, तूच सुवर्णदुर्गाच्या बुरुजावर बसून सांगितलेली. कान्होजी दस्तक द्यायचे, दस्तक नसलेलं जहाज धरायचे. पोर्तुगीज त्याच समुद्रात आधीपासून स्वतःचे परवाने विकत होते, पण चाचे ठरले आंग्रे. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एक होऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले आणि हात हलवत गेले. १७५५ ला मात्र इंग्रजांबरोबर आपलेच पेशवे होते. सुवर्णदुर्ग गेला, पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गाला तुळाजींचं आरमार जळालं. व्यापाराचा रस्ता मोकळा करायला झालेली संयुक्त मोहीमच की ती. तेव्हा तू म्हणाला होतास, समुद्र मोकळा असावा असं म्हणणाऱ्याला विचारावं, कुणासाठी. मला तेव्हा ते भाषण वाटलं होतं.

तरी एक भर घालतो. तो प्रश्न किनाऱ्यावर बसून फार बरा वाटतो. हुथीही म्हणतात आम्ही गाझासाठी करतोय. 'ट्रू कॉन्फिडन्स'वरचे ते तिघे गाझाशी काय देणं लागत होते? आणि आमच्या गव्हाची वाट बघणारी इथली गिरणी? मला समुद्र मोकळा हवा आहे, अगदी माझ्या पोटापुरत्या स्वार्थाने. तो कोण मोकळा ठेवतोय याच्यावर माझा विश्वास नाही, आणि रात्री दोनला त्याचाच आवाज ऐकून बरं वाटतं. दोन्ही खरं आहे. तुझ्या आवडत्या लढायांमध्ये एक माझी. १९८७ मध्ये इराणच्या आखातात अमेरिकन युद्धनौका कुवेतच्या टँकरांना सोबत करत होत्या. पहिल्याच खेपेत 'ब्रिजटन' नावाच्या चार लाख टनी टँकरला सुरुंग लागला. तो टँकर एवढा अजस्र की चालतच राहिला. आणि मग राखायला आलेल्या युद्धनौका त्याच्या मागे रांगेत लागल्या, कारण पुढचा सुरुंग त्यांना झेपला नसता. हे मी कॅप्टनला सांगितलं. तो म्हणाला, आपण टँकरएवढे मोठे नाही, तेव्हा आपल्या मागे कुणी येणार नाही.

तुझ्या अथर्वचं तू विचारलं नाहीस, पण मला माहीत आहे त्याने मर्चंट नेव्हीचा फॉर्म आणून ठेवलाय. वहिनींनी सांगितलं. मी हो किंवा नको म्हणणार नाही, निदान कागदावर नाही. मे मध्ये घरी येतोय. त्याला घेऊन हर्णेच्या लिलावाला जाऊ पहाटे, तिथे बोलेन त्याच्याशी, तू लांब उभा राहा. त्या कागदाचं सांगेन त्याला, लोणच्याच्या बरणीसकट.

स्वातीला मी सांगितलं, परवा, इथे पोचल्यावर. ती ऐकत राहिली आणि विचारलं की दुप्पट पगार किती दिवसांचा. आकडा सांगितल्यावर फोन ठेवला. अजून उचललेला नाही. तू जाऊन ये तिकडे, पालखी तुमच्या वाडीत येईल त्याच्या आधी. आईला काहीच कळू देऊ नकोस. माझ्या नावाने नारळ दे, आणि जमलं तर आमच्या कॅडेटच्या नावानेही एक.

पात्राव अजून मागच्या डेकवर उभा आहे. बाकी दोघांच्या चिंध्या काढून सूट धुवायला टाकले, याचा काढायला गेलो तर कॅडेट म्हणाला, "सर, परतीच्या वेळी लागेल ना." परतीचा रस्ता अजून ठरलेला नाही. कंपनीचा मेल आला की कळवतो.

तुझा,
बाळ्या